भय्यासाहेबांचं कासव

उज्जैन, २ डिसेंबर २०२४

विक्रांत,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून आशीर्वाद. माझा नंबर तू तुझ्या फोनवर बंद करून ठेवला आहेस, तेव्हा पत्र. रजिस्टर्ड करते आहे, म्हणजे मिळालंच नाही म्हणायची सोय नको.

तू नागपूरला गेल्यापासून सहा वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. आता एक सही मागते आहे.

टावर चौकामागच्या तळघरातलं तुझं परदेशी प्राण्यांचं दुकान कधीच बंद झालं, पण शटरवर माझा नंबर अजून तसाच आहे. 'दुकान बंद असल्यास यहाँ फ़ोन करें' असं तूच रंगवून घेतलं होतंस. लोक अजून करतात. एक जण म्हणाला, बहनजी, इग्वाना चार फुटांचा झाला, बायको माहेरी गेली, वापस ले लो. कोणी शुगर ग्लायडरचा, त्या उडत्या खारीसारख्या प्राण्याचा, जोडा बुटाच्या खोक्यात घालून माझ्या दाराशी ठेवून गेलं, घंटीसुद्धा वाजवली नाही. शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेली बाई मी, फ्रीगंजात मला चिडियाघरवाली म्हणतात. धंदा करायचा तू आणि निस्तरायचं मी, हे आपल्या घरात कधी ठरलं ते मला आठवत नाही.

परवा बाबांचे स्नेही भय्यासाहेब आले होते. एक्याऐंशी वर्षांचे झाले, गुडघे गेले, पण रिक्षा करून आले. घर विकलं त्यांनी. महिनाअखेर मुलाकडे, परागकडे, इंदूरला जायचं आहे, सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. आता प्रश्न कुबेरचा.

कुबेर म्हणजे २०१३ साली तू त्यांना विकलेलं कासव, विसरला असशील तर सांगते. 'काका, तळहाताएवढं राहील, वाढायचं नावच नाही. उत्तरेला पाण्याच्या परातीत ठेवा, घरात लक्ष्मी नांदेल.' हे तुझे शब्द, त्यांना अजून पाठ आहेत. परातीत! आफ्रिकेतल्या वाळवंटाच्या कडेला राहणारा, पाण्यात कधी न जाणारा प्राणी, आणि त्या भल्या माणसानं त्याला वर्षभर पाण्यात उभं करून ठेवलं. परातीत मावेना तेव्हा अंगणात सोडलं, म्हणून ते वाचलं. आज अडतीस किलोचं आहे. रद्दीवाल्याच्या काट्यावर चार जणांनी धरून वजन केलं. त्यानं मागच्या भिंतीखाली बीळ खणलंय, तुळशीवृंदावन ढुशा देऊन पाडलंय, आणि भय्यासाहेब रोज सकाळी त्याच्यासमोर स्टुलावर बसून त्याला जास्वंदीची फुलं भरवतात.

त्यांनी ठरवलं आहे की ३० तारखेला, सोमवती अमावास्येला, राम घाटावर विधी करून कुबेरला शिप्रेत सोडायचं. घरातलं कासव असंच कोणाला देऊन टाकलं तर लक्ष्मी निघून जाते, म्हणून नदीलाच द्यायचं. मी म्हटलं, भय्यासाहेब, बुडेल ते. तर हसले. 'मीरा, कासव कधी बुडतं का? तू तर शाळेत शिकवत होतीस!'

इंदूरच्या अलीकडे प्राजक्ता म्हणून एक मुलगी अशा प्राण्यांचा निवारा चालवते. ती कुबेरला घ्यायला तयार आहे. पण परदेशी प्राण्याची आता सरकारात नोंद लागते, आणि नोंदीसाठी तो कुठून आला याचा विकणाऱ्यानं लिहून दिलेला दाखला. विकणारा तू आहेस. दोन ओळी लिही आणि खाली सही कर. दाखला हातात असला तर मी भय्यासाहेबांना आणि परागला दोघांनाही गप्प करू शकते. तुला काही त्रास होणार नाही, हे मी प्राजक्ताला दोनदा विचारून घेतलं आहे.

कुबेरच्याच पार्सलातून आलेलं दुसरं कासव, तुझा ढब्बू, त्याचा विषय यात आणू नकोस. ते वेगळं होतं.

ताई


उज्जैन, ११ डिसेंबर

विक्रांत,

पोचपावती आली. तुझी सही बघितली, 'व्ही' अजून तसाच वाकडा काढतोस. म्हणजे पोस्टमनला द्यायला तुझ्याकडे सही आहे, मला द्यायला नाही.

चांगलं आहे. चालू दे.

मी मात्र हातपाय हलवते आहे. लायब्ररीतून प्राण्यांचं मोठं पुस्तक आणलं आणि भय्यासाहेबांच्या अंगणात जाऊन बसले. म्हटलं, हे बघा, पाण्यातल्या कासवाचे पाय. बोटांमध्ये पडदा असतो, वल्ह्यासारखे चपटे असतात. आणि हे तुमच्या कुबेरचे, हत्तीसारखे खांब. यानं पोहायचं कसं? त्यांनी चष्मा लावून चित्र पाहिलं, कुबेरचा पाय पाहिला. कुबेर तेवढ्यात पुस्तकाचा कोपरा चावून गेला. लायब्ररीत काय सांगू ते आता मला सुचत नाही.

मग आवराआवरीला आलेली त्यांची सून स्नेहा चहा घेऊन आली आणि म्हणाली, 'आत्या, आम्ही तर थकलो हो. ह्यांनी तीन गोशाळांत विचारलं, बिलकुल नाही म्हणाले. नदीत सोडलं की सगळ्यांची सुटका, आणि पुण्यही.' मी म्हटलं, बुडवण्यात कसलं पुण्य? ती तोंड वळवून आत गेली.

भय्यासाहेब मात्र चिडले नाहीत. त्यांनी मला एक कारण सांगितलं, त्यापुढे माझं पुस्तक चालेना. ते कारण मी इथे लिहीत नाही.

दाखला पाठव. थंडी पडली आहे, कुबेर हलतसुद्धा नाही. भय्यासाहेब संध्याकाळी त्याच्यावर स्वतःची रजई घालतात आणि स्वतः शाल घेऊन झोपतात. हा माणूस त्या कासवाचं वाईट करायला निघालेला नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

ताई


उज्जैन, २० डिसेंबर

विक्रांत,

दुसरीही पोचपावती आली. तुझ्या सह्यांचा संग्रह करते आहे.

मला तुझा इतका राग आला आहे की कालचं पत्र फाडून हे नव्यानं लिहिते आहे. तळघरात बसून तू लोकांना काय काय सांगितलंस, आठवतं? इग्वाना माणसाळतो. ग्लायडर खिशात झोपतो. अजगर महिन्यातून एकदा खातो, काही खटपट नाही. बसनं पार्सलं यायची, वर 'काँच का सामान' लिहिलेलं, आणि आत अर्धे मेलेले जीव. मेलेले तू मागच्या नाल्यात टाकायचास आणि उरलेल्यांना नावं ठेवायचास. तेव्हा मी बोलले असते तर? नाही बोलले. तुझा उत्साह पाहून आई खूश होती, आणि आई खूश म्हणजे सगळं माफ.

बरं, ते कारण. लिहूनच टाकते, नाहीतर तुला कळायचं नाही मी कुठे अडकले आहे ते.

भय्यासाहेब म्हणाले, 'मीरा, वहिनी हॉस्पिटलात होत्या तेव्हा विकीचं कासव तूच सोडलं होतंस ना राम घाटावर? आणि तूच सगळ्यांना सांगितलंस, कसं छान पोहत पलीकडे गेलं म्हणून. एकाच पार्सलातले दोघे. तो पोहला तर माझा का नाही पोहणार?'



मी घाटावर त्यांच्या पंडितजींकडेही गेले. पलीकडे सिंहस्थाची खोदाखोद चालली आहे, धुळीनं डोळे भरले. पंडितजी तेच, आईच्या वेळचे. त्यांनी मला ओळखलं. म्हणाले, 'अरे माताराम, आप ही तो लाई थीं कछुआ। बड़ा शुभ हुआ था, तैर के गया था।' ते स्वतः डोळे मिटून मंत्र म्हणत होते, त्यांनी काही पाहिलंच नव्हतं. त्यांनीही माझ्याकडूनच ऐकलं. सगळ्या गावानं माझ्याकडूनच ऐकलं आहे.

दहा दिवस उरले. दाखला असला तर मला काही बोलावं लागणार नाही. कागद दाखवीन, सरकारी नियम सांगीन, काम होईल. एवढ्यासाठी मी तुझ्या पाया पडते आहे असं समज. मोठी बहीण धाकट्याच्या पाया पडत नाही, पण समज.

ताई


उज्जैन, २६ डिसेंबर

आज पोचपावतीसुद्धा नाही.

तुला काय वाटतं, मी न कळल्यासारखं करते आहे? तुला काय हवं आहे ते मला ठाऊक आहे. आईच्या तेराव्याला, पाहुणे जेवत असताना, स्वयंपाकघराच्या दारात तू मला तीनदा विचारलंस. 'ताई, तू होतीस ना तिथे? पाहिलंस ना? नीट सांग.' तीनदा मी एकच उत्तर दिलं, छान पोहत गेला. तू चौथ्यांदा विचारलं नाहीस, बॅग भरलीस.

आणि तू तरी कोण मोठा सत्यवान? एक कागद लिहायला महिना लागत नाही.

परवा हातगाडी ठरली. सोमवारी सकाळी सात वाजता कुबेरला घाटावर नेणार. स्नेहानं झेंडूची माळ सांगून ठेवली आहे.

ताई


उज्जैन, ३० डिसेंबर, दुपार

विक्रांत,

हे आधी तुला सांगायला हवं होतं. तुला सोडून भलत्याच लोकांसमोर बोलून बसले. क्रम चुकला.

सकाळी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. सोमवतीची गर्दी, गावोगावची माणसं, ओले कपडे, धुकं. हातगाडीवर कुबेर, पाठीवर झेंडूची माळ, आणि येणारा जाणारा त्याच्या पाठीला हात लावून कपाळाला लावतो आहे. कुणी हळद वाहिली, कुणी कुंकू. कुबेरनं थंडीनं मान आत ओढून घेतली होती. भय्यासाहेब खुर्चीवर बसले होते, त्यांच्या हातात पंडितजींनी पाणी आणि दर्भ दिला होता. पराग आणि दोन हमाल गाडीच्या बाजूला, उचलायला तयार.

मी पुस्तक नेलं होतं. मूर्खासारखं पिशवीत ते पुस्तक घेऊन उभी होते.

परागनं खालून हात घातला, कुबेर उचलला गेला, आणि त्याचे चारही पाय एकदम बाहेर आले. हवेत चालायला लागले. ढब्बूनं असंच केलं होतं.

मी ओरडले, 'ते पोहलं नव्हतं!'

परागला वाटलं मला चक्कर येते आहे. 'आत्या, बसा तुम्ही.' मी म्हटलं, मी बसणार नाही. ढब्बू पोहला नाही. मी खोटं सांगितलं. इथेच, ह्याच पायरीवर, दगडासारखा खाली गेला.

 भय्यासाहेबांच्या हातातलं पाणी बोटांतून गळून गेलं. म्हणाले, 'मग तेव्हा बोलली का नाहीस?'

'लाज वाटली.'

'आणि ह्या महिन्यात? माझ्या हातून पाप घडत होतं मीरा, आणि तू मला चित्रं दाखवत बसलीस? एक वाक्य पुरे होतं!' घाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. माझ्या आठवणीत ते माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले. मग खुर्चीवरून उठले, गुडघ्यांचं भान न ठेवता, आणि परागनं गाडीवर परत टेकवलेल्या कुबेरच्या पाठीवर डोकं टेकून रडले. माझ्यानं ते बघवेना.

पंडितजींना मुहूर्ताची काळजी. 'अब संकल्प छूट गया है बाबूजी, घर वापस तो नहीं ले जा सकते।'  मग तेच म्हणाले, 'दान कर दो। बहनजी खड़ी हैं, इन्हीं को कर दो।' तेवढ्यासाठी मला ओल्या पायरीवर बसवलं, माझ्या ओंजळीत पाणी सोडलं, आणि अडतीस किलोचा कुबेर विधिपूर्वक माझ्या गळ्यात पडला. गाडी तशीच माझ्या घराकडे वळवली. आत्ता तो आईच्या खोलीत आहे, हीटरसमोर. गादीचा एक कोपरा खाऊन झाला.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

२०१८ च्या श्रावणात आई आयसीयूत होती आणि तू माल आणायला चेन्नईला. पंडितजी म्हणाले, एखादा जीव नदीत सोडा, आईला आयुष्य मिळेल. घाटावर छोटी छोटी कासवं विकायला बसतात, पाण्यातली. त्यातलं एक घेऊन सोडलं असतं तरी चाललं असतं. पण ते म्हणाले, घरातलं सोडा, जे सोडताना जीव तुटेल ते. मी घरी आले आणि सगळं घर पाहिलं. माझ्याकडे तुटण्यासारखं काहीच नव्हतं, विक्रांत. म्हणून तुझं उचललं.

पाय मी पाहिले होते. बारा वर्षं आठवीला हेच शिकवलं होतं. त्या दिवशी मला ते माहीत होतं की नव्हतं, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की आता खरं उत्तर सापडत नाही. माहीत असावं.

पायरीवरून सोडला तो सरळ खाली गेला. पाणी गढूळ होतं पण पाठ दिसत होती. तो तळाशी चालत होता. मान एकदा वर केली, तोंड उघडलं. मी दोन पायऱ्या उतरले असते तर हाताला लागला असता. पंडितजींचा मंत्र संपायचा होता. मध्ये उठलं तर विधी मोडेल आणि आई जाईल, म्हणून मी हात जोडून बसून राहिले आणि बघत राहिले. मग बुडबुडे आले. मग तेही थांबले.

आई नवव्या दिवशी गेली.

पाहिलं मी. सगळं पाहिलं. तू विचारलंस तेव्हा एवढंच म्हणायचं होतं.

दाखला आता पाठव अथवा नको. माफी मागते आहे, तीही तुला द्यायची नसेल तर देऊ नकोस. पण हे पत्र पोस्टमनकडून घे.

ताई


उज्जैन, १७ जानेवारी २०२५

विक्रांत,

काल तुझं पाकीट आलं. आत चिठ्ठी असेल म्हणून मी ते दोनदा झटकून पाहिलं. नुसता दाखला. बरं.

प्राजक्ताला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, एवढं सगळं लिहायची गरज नव्हती, पण चालेल. मी तिला म्हटलं, गरज होती.

तू लिहिलं आहेस:

'सन २०१३ मध्ये माझ्या दुकानात एकाच पार्सलातून आफ्रिकन जातीची दोन जमिनीवरची कासवे आली. पैकी एक मी उज्जैन येथे विकले. हे कासव मोठे होणार नाही आणि ते पाण्यात ठेवावे, असे मी खरेदी करणाऱ्या गृहस्थांना सांगितले. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत हे मला विकताना माहीत होते. दुसरे कासव मी स्वतः पाळले होते. ते सन २०१८ मध्ये शिप्रा नदीत बुडून मेले.'

खाली तुझी वाकडी सही. तिच्याखाली 'साक्षीदार' लिहून जागा मोकळी सोडलेली.

भय्यासाहेबांना तो परिच्छेद फोनवर ऐकवला.  मग म्हणाले, 'विकीला म्हणावं, इंदूरला ये. पत्ता परागकडून घे.' मी निरोप सांगितला, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

कुबेरला न्यायला उद्या सकाळी गाडी येते आहे. मोकळ्या जागेवर मी सही केली. तारीख घातली, आणि सहीच्या वर 'प्रत्यक्ष पाहिले' असं लिहिलं. एक प्रत प्राजक्ताला, एक सोबत तुला पाठवते आहे.

ताई